मुलाचं वाचन अडतंय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे, पोराने धडा घडाघडा म्हणून दाखवला की त्याला वाचता येतं असं समजणं. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं आणि आवाज जुळवून वाचणं जड जाण्याची अडचण, असलेली कितीतरी मुलं पहिली दोन वर्षं नुसत्या पाठांतरावर निभावून नेतात. बोटाकडे बघा. तोंड ओळीच्या शेवटी पोचलेलं असतं आणि बोट अजून तिसऱ्याच शब्दावर. शंका आली तर चित्र झाका आणि मधलाच एखादा शब्द दाखवा. ‘मगर’ला ‘गरम’ म्हणतो का? मग ‘टमफ’, ‘लुकपी’ असे अर्थ नसलेले शब्द लिहून द्या. इथे अंदाज चालत नाही, अक्षरावरून आवाज जुळवावाच लागतो. डिस्लेक्सियात बहुतेकदा गाडी अडते ती इथेच. बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

याच्या उलट, एखादं अक्षर उलटं काढलं म्हणून लगेच धसका घेऊ नका. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं तसं करतात.

डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या. चष्मा लागला तर लावा, पण त्याने डिस्लेक्सिया जात नाही. रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामांवरही पैसे घालू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून या उपायांना पुरावा नसल्याचं सांगितलं आहे.

‘चुकलेला शब्द दहा वेळा लिही’ ही शिक्षा तर बंदच करा. पोर पहिल्यांदा बघून लिहितं आणि नंतर वरच्या ओळीची नक्कल करत जातं. वरची ओळ चुकली की दहाही चुकतात! त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं आवाजांचा खेळ घ्या. ‘सकाळ’मधला ‘स’ काढला तर काय उरलं? ‘काळ’. आता ‘का’च्या जागी ‘मा’ घाला. तोंडी जमलं की तेच अक्षरांच्या चिठ्ठ्यांनी करा. काना पक्का झाल्यावर वेलांटी. जोडाक्षरांची घाई नको.

गणितातले शब्दांचे प्रश्न चुकतात म्हणून गणिताची शिकवणी लावण्याआधी तोच प्रश्न स्वतः वाचून दाखवा. उत्तर बरोबर आलं, तर अडचण वाचनाची आहे. ऐकूनही आकड्यांतच गोंधळ होत असेल, तर डिसकॅल्क्युलियाचा, म्हणजे आकडे आणि हिशोबच जड जाण्याच्या अडचणीचा, विचार करावा लागेल.

‘मोठा झाला की येईल’ म्हणत वर्ष घालवू नका, विशेषतः घरात आणखी कुणाला वाचन जड गेलं असेल तर. ही अडचण अनेकदा घराण्यात चालत येते. मदत सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. तज्ज्ञही बहुधा हेच विचारतात, की किमान सहा महिने नीट मदत देऊनही अडचण टिकली का? त्यामुळे काय करून पाहिलं, ते तारखांसकट लिहून ठेवा.

तपासणीला जाताना मुलाकडून नव्याने उतरवून घेतलेली नीटनेटकी वही नेऊ नका. खाडाखोडीची, लाल शेऱ्यांची जुनी वहीच न्या.