साग, ऐन, शिसव : लाकूडकामातल्या या चुका टाळा

'ऐन फुटतोच.' 'बिबळ्याच्या चौकटीने भिंत खराब केली.' 'हल्लीच्या सागाला कीड लागते.' अशी वाक्यं ज्या घरात ऐकू येतात, तिथं चौकशी केली की झाडाची जात क्वचितच दोषी निघते. दोष निघतो तो तारखेचा. वास्तुशांत ठरलेली असते, पत्रिका छापून झालेल्या असतात आणि लाकूड अजून ओलं असतं. आपल्या सह्याद्रीत, कोकणात आणि विदर्भात उगवणारं कठीण लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. वाड्यांच्या तुळया बघा. पण ते टिकतं त्याच्या अटींवर.

ओलं लाकूड कामाला घेणं

ही सगळ्या चुकांची आई. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात घडलेला प्रकार सांगतो, कारण तो जसाच्या तसा दरवर्षी कुठे ना कुठे घडतो. मार्चमध्ये आवारातला ऐन पाडला. गिरणीवर कापून आठवड्याभरात परत आणला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त होता, म्हणून एप्रिलमध्येच चौकटी बसल्या आणि फळ्यांची दारं टांगली गेली. मेच्या उन्हात चौकटींना टोकाकडून तडे गेले आणि दाराच्या फळ्यांमधून अंगण दिसायला लागलं. मालकांनी फटींत लांबी (पुट्टी) भरून रंग मारला. जूनमध्ये पाऊस लागला, फळ्या फुगल्या, लांबी पिळून बाहेर आली आणि दार लागेना. सुताराला बोलावून कडेने रंधा मारून घेतला. डिसेंबरात त्याच दाराला अशी फट पडली की कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. शेवटी ऐनाला शिव्या घालून लोखंडी दार बसवलं.

यात ऐनाचं काय चुकलं? लाकडातलं पाणी साधारण 25 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरलं की लाकूड आटायला लागतं, आणि ते सगळीकडून सारखं आटत नाही. वर्तुळांच्या दिशेने जेवढं आटतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आटतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळी वाकते, पिळते. त्यात कापलेल्या टोकातून पाणी फार भराभर उडतं, मधला भाग ओलाच राहतो आणि टोक फाटतं. ऐन घनफुटाला 24 किलोच्या आसपास भरणारं दाट लाकूड आहे, साग 18 च्या आसपास. दाट लाकडातून पाणी सावकाश निघतं. त्याला उन्हात टाकलं की वरचा थर आधी वाळून आकसतो आणि आतल्या ओल्या भागावर ताणला जाऊन फाटतो.

नीट वाळलेलं लाकूडसुद्धा हवेबरोबर हलतं, हे तर कोणी लक्षातच घेत नाही. साग सगळ्यांत शांत म्हणायचा, तरी ओलावा एक टक्क्याने बदलला की साध्या चिरलेल्या फळीच्या रुंदीत साधारण 0.2 टक्के फरक पडतो. उन्हाळ्यात 10 टक्क्यांवर असलेली फळी कोकणच्या पावसात 16 वर गेली, तर तीन फूट रुंद फळ्यांचं दार 11 मिलिमीटर फुगतं. जवळपास अर्धा इंच. म्हणून जुलैत रंधा मारणारा सुतार डिसेंबरातली फट आपल्या हाताने तयार करत असतो. फुगलेलं दार पावसाळाभर सोसा. हिवाळ्यातही अडलं, तरच रंधा काढा. दिलह्याच्या, म्हणजे चौकटीत फळी अडकवलेल्या, दारात मधली फळी खोबणीत मोकळी बसवा, दोन्हीकडे 2-3 मिलिमीटर जागा ठेवा आणि खोबणीत गोंद अजिबात नको. गोंद लावला की फळीला हलायला जागा राहत नाही, मग ती मधोमध चिरते.

वाळवायचं कसं? ओंडका पाडल्यावर त्याच दिवशी दोन्ही टोकांना डांबर, मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड थापा. दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नाही, तोवर केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. कापलेल्या फळ्या जमिनीपासून किमान फूटभर उंच, छपराखाली, वारा आरपार जाईल अशा रचा. प्रत्येक थरात दीड-दोन फुटांवर एक इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या घाला. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोब्बर डोक्यावर यायला हवी. एक पट्टी इकडे आणि एक तिकडे झाली, की फळीला तिथेच बाक येतो आणि तो नंतर कुठल्याच रंध्याने जात नाही. थप्पीच्या माथ्यावर दगड ठेवून वजन द्या.

किती दिवस, हे सगळे विचारतात. एक इंची सागाच्या फळीला कोरड्या हंगामात तीन-चार महिने धरा, ऐनाला त्याच्या दुप्पट. चौकटीच्या तीन इंची जाडीला वर्षाहून कमी धरू नका. ज्यांना एवढी सवड नाही, त्यांनी भट्टीत वाळवलेलं लाकूड घ्यावं. पण ते आणून पावसाळ्यात पडवीत उघडं टाकलं तर भट्टीचे पैसे पाण्यात.

मोजायला मीटर मिळतो. नसेल तर फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापा, लगेच वजन करा, मग 103 अंशांवर ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 260 ग्रॅमचा तुकडा 200 वर थांबला, तर ओलावा 30 टक्के, म्हणजे लाकूड अजून झाडच आहे. दार-खिडक्यांसाठी किनारपट्टीवर 14 च्या आसपास, विदर्भात 8 ते 10 आलं की काम सुरू करा.

'सागवान आहे ना, मग झालं'

नाही झालं. सागाची ख्याती त्याच्या गाभ्याची आहे. सालीलगतचा पांढरा भाग सागाचा असो की खैराचा, टिकाऊ नसतो. त्यात पिष्ट असतं आणि भुंग्याला तेच हवं असतं. चौकटीवर दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली, की ती जवळजवळ नेहमी पांढऱ्या भागातलीच असते. वाळवीसुद्धा आधी तिथेच शिरते.

आता हिशोब बघा. 16 इंच व्यासाच्या ओंडक्यात भोवती एक इंच पांढरं असेल, तर गाभा 77 टक्के भरतो. 8 इंच व्यासाच्या ओंडक्यात तेवढंच एक इंच पांढरं असलं, तरी गाभा उरतो फक्त 56 टक्के. लवकर तोडलेला लागवडीचा साग स्वस्त का मिळतो, याचं उत्तर यात आहे. 1990 च्या दशकात 'सागाची रोपं घ्या, वीस वर्षांत लखपती व्हा' छापाच्या योजनांत माणसांनी पैसे घातले, तेव्हा गाभ्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. साग वयाने पिकतो, जाहिरातीने नाही.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला 100 गुण मानून बाकीच्यांना आकडे दिले. ती मोजपट्टी आहे, पण दुकानदार तिचा अर्थ 'साग सगळ्यात श्रेष्ठ' असा लावतात. कठीणपणात ऐन सागाच्या पुढे आहे.

वखारीत फळीला पॉलिश किंवा गेरूचा हात मारलेला असेल, तर कोपऱ्यावर रंधा चालवू द्या म्हणा. नाही म्हणाला तर दुसरी वखार गाठा. चौकटीच्या एका कडेला पांढरं येणारच असेल, तर ती कड भिंतीकडे न टाकता खोलीकडे ठेवा, म्हणजे कीड लागली तरी दिसेल. आणि बसवण्याआधी बोरॅक्स 3 किलो, बोरिक आम्ल 2 किलो, पाणी 100 लिटर या द्रावणात बुडवून काढा. हे फक्त घरातल्या लाकडाला चालतं. पावसात ते धुऊन जातं.

जागा न बघता जात निवडणं

कुऱ्हाडीचा दांडा सागाचा करणारे महाभाग आहेत. साग धक्क्याला कच्चा, काडकन मोडतो. दांड्याला धावडा किंवा तिवस घ्या, दोन्ही लवचीक. मुसळ, घाणा, बैलगाडीचं चाक ही बाभळीची आणि खैराची कामं. अंजन पाण्यात बुडतो एवढा जड. खानदेश-विदर्भात खांबाला उत्तम, पण त्याच्या नाजूक खुर्च्या करायला गेलात तर करवतीची धार आणि सुताराचा स्वभाव दोन्ही बिघडतील. तुळया-वाशांना ऐन, किंजळ, नाणा. देवघराला आणि कपाटांना फणस. पिवळाधमक दिसतो तो दोन-तीन वर्षांत तपकिरी होतो, म्हणून जुन्या फणसाशेजारी नवा लावून 'रंग जुळत नाही' अशी तक्रार करू नका. खणांना, आतल्या फळ्यांना शिवण: हलकी, फार कमी हलणारी, आणि सागाच्या मागे धावणाऱ्यांनी उगाच दुर्लक्षलेली. हळदू कातकामाला सुंदर, पण छपराखालीच. आंबा खोक्यांना आणि सेंट्रिंगला ठीक आहे. बाहेरच्या कामाला वापरू नका, मग कितीही रंग फासा.

लोखंड, चुना आणि ही लाकडं

ऐन, बाभूळ, खैर यांत टॅनिन भरपूर. ओल आली आणि लोखंडी खिळा भेटला की भोवती निळसर काळा डाग. पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू वापरा. पितळी स्क्रू कठीण लाकडात थेट पिळला तर मान मोडते. आठ नंबरच्या स्क्रूला 3 मिलिमीटरचं भोक पाडा, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून बाहेर काढा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवा. डाग पडलाच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, हातमोजे घालून ब्रशने लावा आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवा.

बिबळ्याचा गाभा ओला झाला की पिवळट-तपकिरी रंग सोडतो. याच रंगाच्या पाण्यासाठी त्याचे पेले विकले जातात. ओल्या गिलाव्यात बिबळ्याची चौकट टेकवली की डाग भिंतीवर उमटणारच. चौकटीची पाठ डांबर लावून बंद करा, गिलावा वाळू द्या, मगच चुना किंवा रंग. ही पाठ सगळ्याच जातींना बंद करावी. आणि खांबाचं बूड जमिनीत गाडू नका. जुन्या वाड्यात प्रत्येक लाकडी खांबाखाली तळखडा (दगडी बैठक) असतो तो शोभेसाठी नव्हे.

पॉलिश

सागाच्या पृष्ठावर तेलकटपणा असतो. रंधा मारून आठवडाभर ठेवलेल्या सांध्याला गोंद लावला, तर तो धरत नाही. थिनरने पुसून तासाभरात चिकटवा. शिसवावर तेलाचं वार्निश किंवा जवसाचं तेल दिवसेंदिवस चिकट राहतं, कारण लाकडातली द्रव्यं ते सुकू देत नाहीत. लोक वार्निशाच्या डब्याला दोष देऊन दुसरा डबा आणतात. आधी लाखेचे दोन हात द्या (लिटरभर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजवून गाळलेली), मग वर काय हवं ते लावा. लाख पावसाळ्यात लावू नका, पांढुरकी धुकट झाक येते.

मोजमाप आणि कागद

ओंडक्याचा भाव ठरवताना गोलाईच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी हा हिशोब चालतो. 48 इंच गोलाई, 8 फूट लांबी: 12 गुणिले 12 गुणिले 8, भागिले 144, म्हणजे 8 घनफूट. खरं आकारमान सव्वादहाच्या जरा आत भरतं. हा फरक चोरी नव्हे, साल आणि वाया जाणाऱ्या फाळ्यांची सोय आहे. पण कापलेल्या मालाचा भाव ओंडक्याच्या भावाशी ताडायचा नसतो. कापून हातात जेमतेम निम्मा ते साठ टक्के माल येतो.

आपल्या जमिनीतलं झाड म्हणून परस्पर तोडू नका. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, बिबळा, हळदू, तिवस, अंजन तर आहेतच, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळसुद्धा आहेत. तोडायच्या आधी सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा, वाहतुकीचा परवाना लागतो का तेही तिथेच विचारा. ट्रक नाक्यावर अडल्यावर कागद शोधणं महाग पडतं. शिसवाची गोष्ट आणखी वेगळी. 2017 पासून शिसवाचा अख्खा वंश साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे, त्यामुळे परदेशातल्या मुलाकडे कोरीव चौरंग पाठवण्याआधी परवानगीचं काय ते कुरिअरवाल्याला नव्हे, संबंधित सरकारी कार्यालयाला विचारा.