अंडं अडकलेली मादी टेबलावर येते तेव्हा

सोलापुरात पाळीव प्राण्यांची प्रॅक्टिस सुरू करून मला सहा वर्षं झाली. नुकतेच पास झालेले ज्युनिअर अधूनमधून फोन करतात. "मॅडम, पक्षी आला तर घेऊ की परत पाठवू?" मी म्हणते, घ्या. जिल्ह्यात गाईम्हशींना डॉक्टर मिळतो, कुत्र्याला मिळतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला घेऊन माणसं दारोदार फिरतात आणि तेवढ्या वेळात पक्षी जातो.

अडचण अशी की कॉलेजात पक्षी म्हणजे कोंबडी. शेडमधल्या हजारो कोंबड्यांचा विचार करायची सवय लागलेली असते. खाद्य, लस, मर किती, मेलेली उघडून बघा. एकाच पक्ष्याला जिवंत ठेवायचंय, त्याला नाव आहे आणि घरातली लेकरं बाहेर बाकड्यावर बसलीत, हे आपल्याला नवीन असतं.

माझी पहिली केस जानेवारीतली, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली. पूर्व भागातले एक काका, यंत्रमागावर काम करणारे, कॉकाटीलची, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाची, मादी टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. टॉवेल उघडला तर ती पिसं फुगवून, पाय फाकवून बसलेली. प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत होतं. मी लगेच तिला उताणी धरली आणि पोट चाचपलं. अंडं हाताला लागलं. निदान जमलं या आनंदात मी आणखी दोन मिनिटं बोटांनी ते खाली सरकवायला बघितलं. तिनं चोच उघडली, मान टाकली आणि संपली. काका "बरं मॅडम" एवढंच म्हणाले आणि टॉवेलाची घडी घालून निघून गेले.

चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे नीट समजून घ्या. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. पोटातलं अंडं हवेच्या पिशव्या आधीच दाबत असतं. त्यात आपण छाती मुठीत धरली की श्वास बंद. शिवाय अंडं पोटावरून दाबलं तर आत फुटतं, अंडनलिका फाटते किंवा बाहेर येते.

म्हणून आता पहिली वीस मिनिटं मी हात लावत नाही. पक्षी हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवते, खाली मऊ कापड, बाहेरून पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते. आत थर्मामीटर, 29 ते 32 अंश. एका कोपऱ्यात ओला बोळा, कारण दमटपणाही लागतो. आता सोलापूरची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्याच चाळिशीला टेकलेल्या असतात. तेव्हा पुस्तकात लिहिलंय म्हणून बल्ब लावू नका. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून पक्षी धापा टाकत असेल तर त्याला उकडतंय. अशा वेळी त्याला गरज असते ती ओलाव्याची आणि सावलीची.

तेवढ्या वेळात घरच्यांशी बोला. शेवटचं अंडं कधी घातलं? बजी (बजरीगर, छोटा रंगीत पोपट) आणि कॉकाटील साधारण दिवसाआड घालतात, त्यामुळे तारखा विचारल्या की बरंच कळतं. विष्ठा होतेय का? पायात जोर आहे का? अंडं मज्जातंतूवर दाबलं तर पाय लुळा पडतो आणि लोक "पडली, पाय मोडला" असं सांगत येतात. "नरच नाही, अंडं कुठून येणार?" हेही हमखास ऐकाल. त्यांना अंड्याच्या कोंबडीचं उदाहरण द्या, लगेच पटतं. आणि फोनवर कोणी लव्हबर्ड म्हणालं तर रंग विचारा, फोटो मागवा. आपल्याकडे बजीलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात. बजी 30-40 ग्रॅमची, कॉकाटील 80-100 ग्रॅमची. अंदाजानं डोस काढू नका, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. स्टेथोस्कोपनंतर माझ्याकडचं तेच सगळ्यात उपयोगी सामान आहे.

कॅल्शियमचं कारण समजायला गोठ्यात जा. व्यालेली गाय दुग्धज्वरानं बसते, आपण साडेचारशे मिलीची बाटली शिरेतून देतो आणि ती उठते, हे तुम्ही पाहिलंय. इथंही तेच. रक्तातलं कॅल्शियम कवचात गेलं की अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचन जमत नाही. फक्त रुग्ण 90 ग्रॅमचा आहे. नुसत्या कांगणीवर आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेली, कधी न उडालेली, अंगावर चरबी चढलेली मादी असेल तर शंकाच नको. वजनाप्रमाणे कॅल्शियम ग्लुकोनेट, कोमट सलाईन, व्हेंटला, म्हणजे शेपटीखालच्या भोकाला, जेली, आणि परत अंधारात, उबेत. बऱ्याच माद्या एवढ्यावर अंडं सोडतात.

ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं इंजेक्शन, हाताशी असतं म्हणून टोचू नका. अंडं खरंच पुढे येण्यासारखं आहे, मार्ग मोकळा आहे हे आधी बघा. नाहीतर बंद दारावर धक्के दिल्यासारखं होतं आणि नलिका फाटते. बाळंतपणाच्या दवाखान्यात वापरतात ते डायनोप्रोस्टोन जेल पक्ष्यांना चांगलं चालतं, कारण त्यानं अंडनलिकेचं तोंड सैल पडतं. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि गरोदर बाईनं हाताळू नये. माझी असिस्टंट गरोदर होती तेव्हा मी ती ट्यूब वेगळ्या डब्यात ठेवत होते. एक्स-रे काढा, पण मऊ कवचाचं अंडं त्यात नीट दिसत नाही, तिथं सोनोग्राफी लागते.

सुईनं अंड्यातला बलक ओढून कवच आतच मिटवण्याचं काम भूल देऊन होतं. ते आधी कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिका. मी पुण्यात शिकले. तोवर पुण्याला पाठवा, पण आधी फोन करा आणि पक्षी सावरल्यावरच पाठवा. अडीचशे किलोमीटरच्या वाटेत, एसीच्या थंड हवेत, धापा टाकणारा पक्षी टिकत नाही.

नान्नजचा माळढोक एका वेळी बहुतेक एकच अंडं घालतो. आपल्या पिंजऱ्यातली मादी घालतच राहते, कारण तिला बारा महिने सुगी वाटते. ताटात कायम दाणे, रात्री अकरापर्यंत टीव्हीचा उजेड, पिंजऱ्यात अंडी घालायला मडकं. म्हणून घरी पाठवताना मी मडकं काढायला सांगते, संध्याकाळी सातलाच पिंजरा झाकायला आणि पाठीवरून हात न फिरवायला सांगते. घातलेली अंडी मात्र लगेच उचलायची नाहीत. उचलली की ती भरपाईला आणखी घालते. खाण्यात शेवग्याचा पाला, पिंजऱ्याला समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड. सकाळचं कोवळं ऊन काचेतून नको, उघड्या खिडकीत हवं.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक कॉकाटील रात्री पावणेअकराला खोक्यातच मोकळी झाली. आत कवच खरखरीत, एका टोकाला पातळ झालेलं अंडं. घरातली पोरगी ते कापसात ठेवून घरी न्यायला निघाली. "झालं ना आता?" तिच्या आईनं विचारलं. मी कॅलेंडर बघून सांगितलं, "नाही ताई, पुढचं परवा येईल. उद्या कॅल्शियमला आणा, आणि परवा सकाळी नऊला परत."