पॉलिलॅक्टिक आम्ल किती बनलं? एनएमआरवर असं मोजा

उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड (दोन रेणू जोडून झालेलं वलय) आणि शेवटी पॉलिमर, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल हे जैवप्लास्टिक. कोल्हापूरकरांनी हात घालावा असाच हा विषय आहे. एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे संकेत मोजणारं तंत्र; वेगवेगळ्या गटांतल्या हायड्रोजनची पीक, म्हणजे शिखरं, वेगवेगळ्या जागी दिसतात.

अभिक्रियेतून थेंबभर नमुना काढा आणि चिमूटभर बेंझोइक आम्ल घालून उत्प्रेरक थांबवा. मिथेनॉलमध्ये साका पाडू नका. उरलेलं लॅक्टाइड धुऊन गेलं की रूपांतर (किती लॅक्टाइडचं पॉलिमर झालं ते प्रमाण) खोटंच जास्त दिसतं. साधारण १० मिलिग्रॅम नमुना ०.६ मिलिलिटर ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (यात हायड्रोजनऐवजी ड्यूटेरिअम असतो) विरघळवून ५ मिलिमीटरच्या नळीत भरा. द्रावण गढूळ असेल तर गाळून घ्या, नाहीतर शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याची जुळणी) बसत नाही आणि पीक पसरट येतात.

दोन पल्समधला (रेडिओलहरींच्या झटक्यांमधला) विराम १० सेकंद ठेवा. इथेच बहुतेकांची चूक होते. लॅक्टाइडचा लहान रेणू साखळीपेक्षा सावकाश पूर्वस्थितीला येतो, त्यामुळे घाई केली की त्याचं पीक बुटकं पडतं.

५.१६ पीपीएमजवळ (पीपीएम म्हणजे पीकची जागा सांगणारं एकक) पॉलिमरचा मिथाइन (CH गट), ५.०४ जवळ लॅक्टाइडचा. पहिल्याचं क्षेत्रफळ भागिले दोघांची बेरीज, हे रूपांतर. ४.३५ जवळचं छोटं पीक साखळीच्या टोकाचं. ते १ धरल्यावर ५.१६ चं ९९ आलं, तर साखळीत १०० एकक, म्हणजे १०० × ७२ = ७२०० रेणुभार, अधिक आरंभकाचा (साखळी सुरू करणाऱ्या रेणूचा).

मिथाइलवर (CH₃ गट, १.५८) मात्र हिशेब करू नका, पाण्याचं पीक १.५६ ला तिथेच घुसतं. आपल्याकडच्या आषाढात तर हमखास! तेच पाणी अभिक्रियेत शिरलं तर नव्या साखळ्या सुरू करतं आणि रेणुभार घसरतो; म्हणून लॅक्टाइड आधी निर्वातात सुकवा.