आधी आजीची प्रार्थना, मग प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ख्रिस्ती तरुणांचा गट श्रद्धेचा शोध घ्यायचं ठरवतो, तेव्हा पहिल्यांदा वक्ता शोधला जातो. वक्ता नंतर बोलवा, सुरुवात घरातून करा. पाच ते आठ जण आणि सहा आठवडे पुरतात. गट त्याहून मोठा झाला की ज्याच्या मनात शंका आहे तो गप्प बसतो, आणि हे सगळं त्याच्यासाठीच आहे.

पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची प्रार्थना रेकॉर्ड करा. पंखा बंद करा, मोबाइल हातभर अंतरावर ठेवा. "तुझी श्रद्धा कशी आहे?" असं विचारलं तर आजी बुजते. "रात्री झोपताना काय म्हणतेस ते म्हणून दाखव" म्हणा. शब्द पुढेमागे झाले तरी टोकू नका. एकदा टोकलं की ती पुस्तकातलं म्हणू लागते आणि तिचं स्वतःचं हरवतं. मग दोनच प्रश्न विचारा: हे कोणी शिकवलं? मध्ये कधी म्हणावंसं वाटेनासं झालं होतं का? दुसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. आजीही कधी देवावर रुसली होती हे ऐकलं की नातवाचं ओझं हलकं होतं.

पुढे बाप्तिस्म्याची नोंद. कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) रजिस्टरमध्ये आईवडील आणि धर्ममातापित्यांची नावं असतात, आणि पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) व लग्न झालं की तेही त्याच नोंदीपाशी लिहिलं जातं. नोंद सापडत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं, त्यामुळे रजिस्टर आईच्या गावच्या चर्चमध्ये असतं. आडनावाचं रोमन स्पेलिंगही पिढीगणिक बदलतं, तेव्हा दोन-तीन रूपं लिहून न्या. आधी कार्यालयाची वेळ विचारा आणि परवानगीशिवाय पानाचा फोटो काढू नका.

मग ठाण्याचा इतिहास. "आपला धर्म पोर्तुगीजांनी आणला" हे आपण ऐकत मोठे होतो. पण वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली, आणि ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे धर्मबंधू, मारले गेले १३२१ साली: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते ठाण्यात एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते, म्हणजे ख्रिस्ती घरं इथे आधीच होती. ही हकिगत सांगताना एक जपा. तिचा वापर दुसऱ्या धर्माच्या लोकांवर राग धरायला होऊ नये. तसं होताना दिसलं तर चर्चा तिथेच थांबवा. तलावपाळीजवळच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये गेलात तर निघण्याआधी पंधरा मिनिटं आत शांत बसा. हे वगळलं की भेटीची सहल होते.

नगर-जालन्याकडून आलेल्या प्रोटेस्टंट घरांत रजिस्टरपेक्षा भजनं जास्त बोलतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. एक अभंग टाळ घेऊन म्हणा, मग एकेका ओळीवर थांबा. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्सचं १६१६ चं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, हेही ओवीतच आहे. एका बैठकीत दहा ओव्या पुरेत, कारण भाषा जुनी आहे आणि जास्त घेतल्या की सगळे अर्थ लावण्यात गुंततात, प्रार्थना बाजूला राहते.

शेवटचे तीन आठवडे रेकॉर्डिंगमधली एकच प्रार्थना रोज रात्री दहा मिनिटं म्हणा. मनात आलेला प्रश्न वहीत लिहा आणि आठवडाभर त्याचं उत्तर शोधू नका. इंटरनेटवर लगेच उत्तर मिळतं, पण मग तो प्रश्न आपला उरत नाही. तीन आठवड्यांनंतरही जो प्रश्न टिकून आहे तोच फादरांकडे किंवा पाळकांकडे न्या. रविवारच्या उपासनेनंतर ते गर्दीत असतात, म्हणून मधल्या वाराची वेळ ठरवा. एकट्याने जा, आणि आजीचं रेकॉर्डिंग सोबत न्या.