एपिड्युरल हवंय? मग आठव्या महिन्यातच विचारून ठेवा

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी इथे इंदूरलाच एका हॉस्पिटलात विचारलं होतं, "एपिड्युरल मिळतं ना?" (म्हणजे कळा कमी दुखाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध) रिसेप्शनवरची म्हणाली "हाँ हाँ, सब मिलता है", मी पण खूश. रात्री दीडला कळा सुरू झाल्या आणि तेव्हा कळलं की भुलेचे डॉक्टर घरून यायचेत, ते येईपर्यंत गर्भाशयाचं तोंड नऊ सेंटिमीटर उघडलं होतं, तसं नऊलाही देता येतं पण सुई लावून औषध लागू पडायलाच अर्धा-पाऊण तास जातो, मग राहूनच गेलं. दुसऱ्या वेळी मी आधीच सगळं खोदून खोदून विचारलं, तेच इथे लिहितेय.

तर पहिला प्रश्न हा विचारायचा, भुलेचे डॉक्टर (इकडे घरी सगळे बेहोशीवाले डॉक्टरच म्हणतात, आणि बेहोशी ऐकून सासूबाईंच्या पोटात गोळा येतो, तर एपिड्युरलमध्ये बेहोश कोणी करत नाही, बाई पूर्ण जागी असते) रात्री हॉस्पिटलात असतात की बोलवावे लागतात? बोलवावे लागत असतील तर यायला किती वेळ लागतो, आणि तेव्हाच दुसरीकडे सिझर चालू असलं तर कोण येणार? पॅकेजमध्ये धरलंय की बिल वेगळं? आणि चौतीस-छत्तीस आठवड्यांच्या आसपास त्या डॉक्टरांना एकदा भेटूनच या. रिपोर्टची फाइल न्या, प्लेटलेट त्यांना बघायच्याच असतात, खूप कमी असतील, साधारण सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली, तर बहुतेक डॉक्टर पाठीत सुई घालत नाहीत. रक्त पातळ करायचं पोटातलं इंजेक्शन, म्हणजे हेपारिनच्या जातीतलं, चालू असेल तर नक्की सांगा, डोसप्रमाणे बारा ते चोवीस तासांचं अंतर ठेवावं लागतं. बीपीसाठी दिलेली छोटी अ‍ॅस्पिरिन चालते. मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, पाठ वाकडी असेल, दातवाल्याकडे सुन्न करायच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल तर तेही बोला, लाजू नका.

आता औषध. लोकांना वाटतं एपिड्युरल म्हणजे एकच इंजेक्शन. तसं नाहीये, पाठीतून एक बारीक नळी घालतात (सुई काढून घेतात हां, आत फक्त नळी राहते, पडून राहिलं तरी टोचत नाही) आणि त्यातून मिश्रण देत राहतात. मिश्रणात एक सुन्न करणारं औषध, बुपिव्हॅकेन, लिव्होबुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन, आणि सोबत थोडं फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीतलं दुखणं मारणारं औषध. बुपिव्हॅकेन साधारण ०.१ टक्का आणि दर एमएलमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, हे आजकाल बरंच चालतं. फेंटानिल का, तर त्याच्यामुळे सुन्न करणारं औषध कमी पुरतं, आणि ते कमी म्हणजे पाय लुळे पडत नाहीत, जोर लावता येतो. बदल्यात अंगाला खाज सुटते, मला नाकाच्या शेंड्याला इतकी सुटली की नर्स हसायला लागली. रोपिव्हॅकेनने पाय जरा कमी जड होतात असं म्हणतात, पण इतक्या पातळ डोसात फरक फार जाणवत नाही, म्हणून "मला रोपिव्हॅकेनच पाहिजे" म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही, डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. हट्ट धरायचाच तर कमी टक्केवारीचा धरा.

औषध द्यायची पद्धत मात्र जरूर विचारा. काही ठिकाणी दुखायला लागलं की डॉक्टर सिरिंजने डोस देतात, म्हणजे परत दुखेपर्यंत थांबा आणि मग डॉक्टर शोधा. पंप असेल तर सारखं थोडं थोडं जातं किंवा ठरलेल्या वेळाने मोठा डोस जातो. सगळ्यात भारी म्हणजे तुमच्या हातात बटण असलेला पंप, लागेल तसं दाबायचं, एकदा डोस गेला की ठरलेली काही मिनिटं तो परत देत नाही म्हणून जास्त जायची भीती कमी. फक्त बटण तुम्हीच दाबायचं, नवऱ्याने दया येऊन दाबायचं नाही. घाई असेल, कळा जोरात असतील तर कधी कधी त्याच सुईतून आधी बारीक स्पायनल (म्हणजे मणक्यातल्या पाण्यात सोडायचा छोटा डोस) देतात, दोन-चार मिनिटांत आराम, नुसत्या एपिड्युरलला दहा-वीस मिनिटं लागतात.

सुई घेताना काय करायचं ते सांगते कारण हे कोणी सांगत नाही. बसवतात, उशी छातीशी धरायची, हनुवटी खाली आणि कंबर मागे काढायची, आमचे डॉक्टर म्हणाले "रुसलेल्या मांजरीसारखी". आधी कातडी सुन्न करतात ती चुणचुणते, मग दाब वाटतो. कळ यायला लागली की तोंडाने सांगा, हलू नका, ते थांबतात. नळीतून पहिलं औषध गेलं तेव्हा मला पाठीतून गार पाणी उतरल्यासारखं वाटलं. सुरुवातीला छोटा टेस्ट डोस असतो, तेव्हा छाती धडधडली, कानात गुणगुणलं, तोंडात धातूची चव आली किंवा पाय एकदम जड झाले तर त्याच क्षणी बोला, नळी चुकीच्या जागी गेली असू शकते.

मग स्पिरिटचा गार बोळा पोटावर फिरवून "ठंडा लग रहा है?" विचारतात. मला उजवीकडे काहीच नाही आणि डावीकडे गारच गार, म्हणजे अर्ध्याच अंगाला लागू झालेलं! हे होतं, घाबरू नका आणि गप्प पण बसू नका. डॉक्टरांनी नळी एखादा सेंटिमीटर मागे ओढली, डाव्या कुशीवर वळवलं, थोडं औषध दिलं, पंधरा मिनिटांत डावीकडचं पण शांत.

बीपी खाली येऊ शकतं म्हणून सारखा पट्टा लावतात, थंडी वाजते, लघवीची जाणीव जाते म्हणून नळी घालावी लागू शकते. खायचं म्हणाल तर फक्त पाणी, काळा चहा, गाळलेला ज्यूस. आमच्याकडचे पहाटे गरम पोहे-जिलबी घेऊन आले होते, सगळी वॉर्डबॉयने खाल्ली.

राजेंद्रनगरच्या आमच्या कॉलनीत एक काकू सगळ्यांना सांगतात, "बहू की कमर उसी सुई से गई". सुई लागली तिथे दोन-चार दिवस दुखतं, पण कायमची कंबरदुखी त्याने लागते असं अभ्यासांमध्ये आढळलेलं नाही, मूल कडेवर घेऊन वाकून वाकून कंबर तशीही जाते. सिझरची शक्यताही वाढत नाही, जोर लावायचा टप्पा मात्र लांबू शकतो. आणि सिझर करायचंच झालं तर त्याच नळीतून जास्त तीव्र औषध देऊन बहुतेकदा काम होतं.

एपिड्युरल नाहीच मिळालं तर तोंडावर मास्क धरून ओढायचा गॅस किंवा ट्रामाडॉल, पेथिडिनचं इंजेक्शन असतं. आराम त्याने कमीच, आणि पेथिडिन बाळापर्यंत जाऊन त्याला सुस्त करू शकतं, म्हणून डिलिव्हरी जवळ आली असेल तर विचारून घ्या.

नळी काढल्यावर पहिल्यांदा उठताना कोणाला तरी धरून उठा, मी एकटीच बाथरूमला निघाले आणि पलंगाचा कठडा धरून तिथेच बसले. काही तासांत पाय नीट उचलता आले नाहीत तर लगेच सांगा. घरी गेल्यावर बसलं की डोकं फुटतंय आणि आडवं झालं की थांबतं असं झालं तर, शंभरात एखादीला होतं हे, बाम चोळत बसू नका, ज्यांनी सुई दिली त्यांनाच फोन लावा, त्याच्यावर उपाय आहे. ताप येऊन पाठ दुखायला लागली किंवा लघवी अडली तर फोन पण नको, सरळ गाडी काढा.