फ्रेंच शिकताय? आधी या चुका टाळा

पुण्यात संध्याकाळच्या बॅचला मी गेली सोळा वर्षं फ्रेंच शिकवते. समोर बसलेली माणसं तिशी-चाळिशीतली. कुणाला कंपनी फ्रान्सला पाठवणार असते, कुणाला कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी हवी असते, कुणाच्या मुलीला शाळेत फ्रेंच असतं आणि तिचा अभ्यास घ्यायचा असतो. सगळी हुशार, दिवसभराचं काम आटपून येणारी. म्हणूनच दर बॅचला त्याच चुका बघून जीव तुटतो.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं

पहिल्या तासाला मी 'बाँजूर' म्हटलं की निम्म्याहून जास्त माना खाली जातात आणि वह्यांवर पेनं चालू लागतात. आपली लिपी जसं बोलतो तसं लिहिते, हा आपला भरवसा. मराठीपुरता तो बराचसा खराही आहे. फ्रेंच स्वरांना मात्र ती पुरत नाही, आणि एकदा वहीत चुकीचं उतरलं की तोंडात तेच बसतं.

माझा एक विद्यार्थी होता, इंजिनिअर. शब्दसंग्रहात बॅचमध्ये सगळ्यांच्या पुढे. कंपनीने फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पाठवलं. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी त्याच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळायला लागलं. त्याने इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला फोन केला आणि सांगितलं, वरच्या घरातून पाणी येतंय. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा. हा दोन्हींना 'ओ दसू'च म्हणायचा. त्या माणसाने 'खाली' ऐकलं, तो खालच्या मजल्यावर गेला आणि तिथल्या घराचं पाणी बंद केलं. इकडे बादली दोनदा भरली.

त्या रात्री त्याने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत एकाखाली एक दोन ओळी: 'दसू – वर', 'दसू – खाली'. दुसऱ्या ओळीपुढे पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह. म्हणजे शंका त्याला आली होती. वर्गात विचारायचं राहून गेलं होतं. ते प्रश्नचिन्ह मला अजून छळतं, कारण त्याच्या पानावर वेळीच माझीही नजर जायला हवी होती.

'खाली'मधला शेवटचा स्वर आपला 'ऊ' आहे. 'वर'मधला आपल्याकडे नाहीच. तो असा काढा: लांब 'ई' म्हणा, जीभ जागची हलू देऊ नका आणि फक्त ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करा. सकाळी केस विंचरताना आरशासमोर पाच मिनिटं. मी स्वतः असंच शिकले.

अनुनासिक स्वरांचंही तेच. अनुस्वार लिहिला की आपण पुढच्या अक्षरानुसार पुरता न् किंवा म् उच्चारतो, आणि 'बाँजूर'चं 'बोन्जूर' होतं. मालवणी किंवा कोकणी घरात वाढलेल्यांना हे स्वर पहिल्या आठवड्यात जमतात, कारण त्यांच्या बोलीत ते आजही आहेत. बाकीच्यांनी आजोबांची पत्रं आठवावीत: 'केलें', 'घरांत'. 1962च्या लेखननियमांनी ते अनुस्वार काढले. नाकातल्या त्या आवाजाची खूण मराठीत होतीच.

माझ्या वर्गात पहिले दोन आठवडे उच्चार लिहायला बंदी असते. ऐका, म्हणा, पुन्हा ऐका. इथे मी दिलेली अक्षरंही खुणेपुरतीच धरा आणि खरा आवाज कानाने पडताळून घ्या.

इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचमध्ये शिरणं

पुस्तकं इंग्रजीतून, अ‍ॅप इंग्रजीतून, मग डोक्यातही आधी इंग्रजी वाक्य तयार होतं. त्यातून 'ज स्वी फँ' निघतं, म्हणजे 'मी भूक आहे'. फ्रेंच माणूस 'जे फँ' म्हणतो, भूक त्याच्याजवळ असते. वयही तसंच, तीस वर्षं त्याच्यापाशी असतात. मराठीत तरी आपण 'मी भूक आहे' कुठे म्हणतो? मराठीतून विचार केला असता तर ही चूक झालीच नसती.

तू आणि तुम्ही हा भेद आपल्या हाडात आहे. दुकानदाराला, शेजारच्या आजींना आपण तुम्हीच म्हणतो. तीच माणसं इंग्रजीतून विचार करू लागली की अनोळखी बाईंना बिनदिक्कत 'तू' म्हणून मोकळी होतात.

आणि ज्या नियमाने सगळे घाबरतात, तो तर आपल्या घरचा आहे. 'मी खाल्लेलं सफरचंद' असं फ्रेंचमध्ये लिहिताना, कर्म क्रियापदाच्या आधी आलं की भूतकाळी रूप त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. सफरचंद तिथे स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी एक जादा e अक्षर. मी फळ्यावर 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी भाकरी खाल्ली' ही दोन वाक्यं लिहिते. खाणारी मी एकच, रूप बदललं खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. पुढचं फार समजवावं लागत नाही.

लिंग मात्र मराठीतून उसनं घेऊ नका. चंद्र तिथे स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग नाहीच. नाम पाठ करायचं ते आधीच्या 'अँ' (पुल्लिंगी) किंवा 'यून' (स्त्रीलिंगी) या शब्दासकट. वहीत एकटं नाम दिसलं की मी लाल रेघ मारते.

इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांपासूनही जपा. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. 'कोलेज'मध्ये जातात ती अकरा ते पंधरा वर्षांची मुलं.

आकडे मागे टाकणं

दहापर्यंत येतं, मग पुढचं 'नंतर बघू'. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि 97 म्हणजे 'चार वीस, दहा-सात'. विचित्र वाटतं, पण आपल्या खेड्यांतली जुनी माणसं विसांवरच मोजायची: तीन विसा न् दहा, चार विसा. आजीला विचारून बघा. मी रोज तासाच्या सुरुवातीला पाच फोन नंबर सांगते. एकदाच.

तीन महिन्यांत बी-2

बी-2 म्हणजे सहापैकी चौथी पातळी, बऱ्यापैकी सफाईने बोलता-लिहिता येण्याची. ती तीन महिन्यांत मागणाऱ्यांना मी प्रवेश देत नाही. नोकरी सांभाळून रोज तासभर दिला, तर तिथवर पोचायला दीड-दोन वर्षं लागलेली मी पाहिली आहेत. अ‍ॅपवर दोनशे दिवस न चुकता बोट टेकवलेली माणसं माझ्याकडे येतात आणि 'काल काय केलंत?' याला उत्तर देऊ शकत नाहीत. त्यापेक्षा आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या रोजच्या बातम्या घ्या. एकच भाग तीनदा ऐका, मग सोबतचा मजकूर वाचा. फुकट आहे.

घाईतली सगळ्यात महागडी चूक परीक्षा निवडण्यात होते. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री अर्जाला डेल्फ, म्हणजे फ्रेंच सरकारची प्रमाणपत्र परीक्षा, चालत नाही. तिथे टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची वेगळी परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभराचं, पण त्याचा उपयोग वेगळा. फी भरण्याआधी हे बघा.

डेल्फ देणार असाल तर चार भाग, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत, पण एका भागात पाचाच्या खाली गेलात तर बाकी कितीही मिळोत, नापास. बहुतेक जण बोलणं शेवटच्या महिन्यावर ठेवतात. माझ्याकडे ते दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं, मोडक्यातोडक्या चार वाक्यांनी.