डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणि व्यायाम: केअर होममध्ये या चुका टाळा

‘आजी उठतच नाहीत हो’ ही केअर होममधली नेहमीची तक्रार. बऱ्याचदा आजींना व्यायाम नको असतो असं नाही, आपण काय सांगतोय ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. ‘उठा, चप्पल घाला, वॉकर धरा, हॉलमध्ये चला’ असं एका दमात सांगितलं, की चौथी सूचना येईतो पहिली विरलेली असते. मग माणूस गोंधळतो, चिडतो, हात झटकतो.

समोर जा, खाली वाकून नजरेला नजर द्या, एकच गोष्ट सांगा आणि ती स्वतः करून दाखवा. मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. इथेच आपला धीर सुटतो आणि आपण काखेत हात घालून ओढायला लागतो. त्याने खांदा दुखावतो आणि पुढच्या वेळचा नकारही पक्का होतो. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू द्या, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला सांगा आणि छाती पुढे झुकवून उठायला लावा. अनेकजण मग आपले आपण उठतात. दिवसातून चार-पाचदा असं उठणं-बसणं हाच पायांचा उत्तम व्यायाम.

जेवणाच्या टेबलापर्यंत चालू शकणाऱ्याला ‘वेळ वाचतो’ म्हणून व्हीलचेअरवरून नेणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘पडतील’ म्हणून बसवून ठेवलं तर पाय आणखी अशक्त होतात आणि पडण्याची भीती वाढते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते. एका साप्ताहिक क्लासने ते भागत नाही.

कालपर्यंत चालणारा माणूस आज अडून बसला, तर हट्टीपणाचा शिक्का मारू नका. दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, नवं औषध, उभं राहताच उतरणारं बीपी, यातलं काहीही असू शकतं. डॉक्टरांना कळवा. चष्मा आणि बूटही बघा. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं. ते उचललं की कधीकधी पाऊल लगेच पुढे पडतं.

नातेवाइकांना ‘व्यायामाने स्मरणशक्ती सुधारेल’ असं आश्वासन देऊ नका. ब्रिटनमध्ये डिमेन्शिया असलेल्या ४९४ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. स्वतः उठून बाथरूमला जाता यावं, एवढं उद्दिष्ट पुरे.

आणि नोंदवहीत नुसतं ‘नकार दिला’ लिहू नका. किती वाजता, कोणी विचारलं, तेव्हा आजी काय करत होत्या, हेही लिहा.